बावीस

आस्लाउग मिएत्तिनेन, वय वर्षं एक्याऐंशी,
मासे धुवायच्या घमेल्यात पाय सोडून बसलेली.
खिडकीबाहेरचा पारा बावीसवर.
"आज काही मी वाचत नाही," म्हणाली.
"रेडिओ सांगतोय, म्हाताऱ्यांनी घराबाहेर पडू नये."
मी दारात. स्वेटरची चेन हनुवटीपर्यंत,
आणि हसू ओठांत कसंबसं दाबलेलं.

मी अहवाझची.
तिकडे जुलैत गच्चीवरच्या टाकीत पाणी उकळतं,
म्हणून गिझर बंद ठेवून
आम्ही गरम पाण्याचा नळ सोडायचो अंघोळीला.
घरात तेवढंच पाणी सावलीत असायचं.
बाबा हातांत मोजे घालून गाडी चालवायचे,
स्टिअरिंग धरवत नसे.
भावाची चप्पल डांबराला चिकटली, ती तिथेच राहिली.
पन्नासला आम्ही म्हणायचो,
आज जरा चटका आहे.

हे सगळं मी आस्लाउगला रंगवून सांगितलं,
तिचा रक्तदाब मोजता मोजता.
खरं सांगायचं तर थोडी शेखी मिरवत.
ती पाय हलवत राहिली पाण्यात.

पुढच्या मंगळवारी सत्तावीस.
बुधवारी सत्तावीस.
रात्री किती, ते विचारू नका,
कारण वादसोमध्ये तेव्हा रात्र नव्हती.
चहा झाला, दुसरा चहा झाला,
तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं
ऊन तिच्या स्वयंपाकघरात बसून होतं.
आमच्याकडे निदान सूर्य बुडायचा.
आई गच्चीवर पाणी शिंपडायची, गाद्या पडायच्या,
कुणीतरी आकाशाला शिव्या घालत झोपी जायचं.

गुरुवारी पहाटे तिने मला बोर्गहिल्ड म्हटलं.
बोर्गहिल्ड तिची बहीण, जाऊन तीस वर्षं झाली.
जीभ कोरडी, गाल लालभडक,
आणि घामाचा एक थेंब नाही.
घर तिच्या नवऱ्याने बांधलेलं,
तिहेरी काचा, दाराच्या फटीत लोकर,
श्वासाचीही ऊब बाहेर जाऊ नये म्हणून.
साठ हिवाळ्यांशी नेटाने भांडलेलं घर.
उन्हाला दार उघडायचं कसं
हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

मी सुरीने खिडकीचा जुना रंग खरवडला,
खांदा लावून ती ढकलली,
चादर पिळून चौकटीत टांगली.
आई टांगायची तशी.
समुद्र त्या चादरीतून गाळून आत आला.
ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी तिच्या मनगटावर
ओला रुमाल धरून बसले.
स्वेटर कधी काढून फेकला, आठवत नाही.

दवाखान्यातून परतली ती भांडायच्या तयारीनेच.
"तुझे ते पन्नास मला खरे वाटत नाहीत.
पन्नासला माणूस शिजेल."
शिजतो, मी म्हणाले.
आणि मग, का कोण जाणे, तिला खलफकाकांचं सांगितलं.
पाइपलाइनवर दुपारच्या पाळीत बसले ते उठले नाहीत.
डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं.
आम्हीही हृदयच म्हणत आलो.
ऊन म्हणालो असतो
तर दुसऱ्या दिवशी कामावर गेलं असतं कोण?
आस्लाउग काही बोलली नाही.
घमेलं पायाने माझ्याकडे सरकवलं.
पाणी गारढोण होतं. मी पाय घातले.

ऑगस्टात चौदा.
"संपला उन्हाळा," ती खुशीत म्हणाली,
आणि करड्या लोकरीचे जाड मोजे माझ्यापुढे टाकले.
मी ते हातांत चढवले,
हवेत एक गोल चाक धरलं,
डावीकडे वळवलं.

"पायांत घालायचे असतात," आस्लाउग म्हणाली.